एका ताटातले दोघे

"नाना गेले," एवढंच पप्पा फोनवर म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडे कुणीतरी भांडी बाजूला सरकवत होतं. मी कळंबला कामावर होते. महिना होऊन गेला, तरी नाना म्हटलं की मला आधी तो भांड्यांचा आवाज आठवतो.

नाना म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, ढोकीला साखर कारखान्यात फिटर होते. दोघं लहानपणापासून एकाच ताटात जेवायचे. मोठं पितळी ताट, त्यात भाकरी कुस्करायची, वर आमटी ओतायची, मधे बोटानं रेघ ओढायची आणि मग ती ओलांडून एकमेकांचं खायचं. मी चमच्यानं जेवायचे. "आमच्या मॅडमला हात न्हाईत," नाना काकूला सांगायचे.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून घरातलं इंग्रजी वाचणं माझ्याकडं. नानांचा रिपोर्टही मीच वाचला. आतड्याचा कॅन्सर. तंबाखू नाही, दारू नाही... "मग कशानं झालं असंल?" पप्पांनी जेवताना विचारलं. सकाळी एसटीत मोबाइलवर मी एक लेख अर्धाच वाचला होता. म्हटलं, "एका विषाणूमुळं."

कोरोनापासून आमच्या घरात विषाणू म्हणजे दार लावून घेणं. दुसऱ्या दिवशी काकूनं दोन ताटं वाढली. नाना हसले, "व्हय गं, मला पावणा केलास का?" पप्पा मान खाली घालून जेवले.

त्याच दिवशी मी लेख पूर्ण वाचला. आतड्यातल्या जिवाणूंमध्ये राहणारा एक विषाणू अशा रुग्णांत जास्त दिसतो. पण तो कारण आहे की नुसताच तिथं असतो, हे अजून ठाऊक नाही. संबंध असू शकतो, इतकंच. एका ताटात जेवण्याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. हे कळूनही मी अकरा दिवस गप्प राहिले. घरात माझं ऐकलं जायचं ते इंग्रजीपुरतंच. तेही जाईल असं वाटायचं.

शेवटी लातूरला तपासणीला गेलो, तेव्हा पप्पांसमोरच डॉक्टरांना विचारलं. "एकत्र जेवून कॅन्सर लागत नाही. खुशाल जेवा," ते म्हणाले. बाहेर बाकावर मी पप्पांना सांगितलं, मी अर्धंच वाचलं होतं. "म्या तरी कुठं कुणाला इचारलं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी पितळी ताट निघालं. नानांना तोवर मऊ भातच चालायचा, म्हणून पप्पांनीही तोच घेतला. नानांनी रेघ ओढली. "अकरा दिस उपाशी ठिवलंस की गं, मॅडम." त्यानंतर जेमतेम महिनाभर ते दोघं एकत्र जेवले.

पप्पा अजून त्याच ताटात जेवतात. रेघ ओढतात आणि आपल्या बाजूचं तेवढंच खातात. परवा काकूनं माझं ताट वाढलंच नाही. मी चमचा ठेवून दिला आणि पप्पांच्याच ताटासमोर बसले. आमटीनं बोटं भाजली. थोड्या वेळानं पप्पांनी रेघ ओलांडून माझ्या बाजूचा एक घास उचलला.