कुंदाबाईची बोडी

केशोरीच्या देवचंद गहाणे यांनी आयुष्यात एकही चुकीची नोंद केली नव्हती. गावतलावाच्या पाणी वापर संस्थेचे ते सचिव होते. कोणाच्या धानाच्या बांधीत कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी सोडले, हे ते निळ्या शाईने लिहीत आणि प्रत्येक दिवसाखाली पट्टीने रेघ ओढीत. अशा माणसाला सन २०१० च्या एप्रिल महिन्यात आपल्या सख्ख्या बहिणीने मुंबईत पंचवीस वर्षे नेमके काय केले, हे एका ओळीत लिहिता येईना. ती ओळ दगडावर कोरली जायची होती, आणि दगड कोरणारा गोंदियाहून दररोज फोन करीत होता.

कुंदाबाई त्यांच्याहून दोन वर्षांनी थोरल्या. सन १९७१ मध्ये त्यांचे लग्न रामलाल हातझाडे या सुताराशी झाले आणि मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत नकली घरे उभारण्याचे काम मिळाल्याने रामलाल त्यांना घेऊन तिकडे गेला. तीन वर्षांनी कुंदाबाईंचे कार्ड आले. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. अक्षर ठळक, पण अंगावरून गाडी गेल्यासारखे. कार्डात लिहिले होते, ‘बाबा, मले बोडीचं काम भेटलं. काम पाण्याचं हाय, पन भेव नाही.’

शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पाणी अडवलेल्या लहान तळ्याला या भागात बोडी म्हणतात. गहाणे कोहळी, म्हणजे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारे; त्यांच्यात बोडी खोदणे हे नुसते काम नव्हे, ती ओळखच. वडील दुलीचंद गहाणे यांनी ते कार्ड धोतराच्या सोग्यात बांधून अख्ख्या गावात फिरवले. “मुंबईवाल्याइले पाणी अडवता येत नव्हतं ना गा! शेवटी आपलीच पोरगी बलावा लागली,” असे ते ज्याला त्याला सांगत.

त्यानंतरची कार्डेही त्यांनी याच समजुतीने वाचली. ‘आज बोडीत पाच वेळा उडी मारली तवा साहेबाचं समाधान झालं. बाई काठावर छत्री धरून बसली होती.’ साहेब म्हणजे इंजिनियर, तो खोली तपासत असणार, आणि बाई म्हणजे त्याची बायको, असा दुलीचंदांनी अर्थ लावला. ‘या सालात बोडी नाही. बाईले बाळ झालं.’ मालकीणच बाळंतीण, मग मजूर कोण लावणार? पुढे एका कार्डात आले, ‘बाई आता आईचं काम करते. म्हणून मले पाणी कमी झालं, जिने वाढले.’ यावर मात्र दुलीचंदांनी कार्ड पुन्हा एकदा वाचले आणि मग म्हटले, “पायऱ्या बांधून राहिले असतील बोडीले. पक्क्या.”

सन १९९९ मध्ये रामलाल वारला आणि कुंदाबाई एक पत्र्याची पेटी घेऊन कायमच्या केशोरीला आल्या. त्या दिवशी अंगणात गाव जमले. कोणीतरी विचारले, “काय करत होतीस मा, एवढी वर्सं?” कुंदाबाईंनी वडिलांकडे पाहिले. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, तरी ते हसत होते. त्या म्हणाल्या, “बोडीचंच.” यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत आणि दोन वर्षांनी दुलीचंद तोच अभिमान घेऊन गेले.

देवचंदांना एवढेच खटकत असे, की बोडीचा विषय निघाला की बहीण उठून चुलीकडे जाते. आणखी एक गोष्ट होती. कुंदाबाई तलावावर आंघोळीला गेल्या की पाण्यात पाय टाकण्यापूर्वी ओला हात आधी कपाळाला लावीत आणि मग मानेवरून मागच्या बाजूने हळूच फिरवीत. घाटावरच्या बायका तोंडाला पदर लावीत.

“पाय वं, बुढी इंदुप्रभा बनून राहिली!”

“टीवीवर पायते ना मग! साठीत येऊन नखरे सुटत नाही.”

इंदुप्रभा ही हिंदी चित्रपटांतील जुनी नायिका. पाठमोरी उभी राहून मानेवरून ओला हात फिरवण्याची तिची अदा एका काळी इतकी गाजली होती, की गोंदियाच्या फोटो स्टुडिओत नव्या नवऱ्या तसेच उभे राहून फोटो काढून घेत. टवाळी ऐकून देवचंद शरमत. कुंदाबाई मात्र तशाच पाण्यात उतरत.

सन २०१० मध्ये रोजगार हमीतून गावाला एक नवी बोडी मंजूर झाली. जागा दाखवायला कोणाला न्यावे, असा प्रश्न निघताच सरपंच श्यामलाल म्हणाले, “घरची जाणकार असताना कायले बाहेरचा पायता?” कुंदाबाईंनी हात जोडले. “मले काय समजते बापा त्यातलं!” सर्वांनी तो विनय मानला आणि त्यांना शिवारात नेले. उन्हात चालून चालून त्या दमल्या आणि एका मोहाच्या झाडाखाली बसल्या. लोकांनी तिथेच खुंट्या ठोकल्या. देवचंदांनी ग्रामसभेत स्वतः ठराव मांडला, की बोडीच्या पाळीवर शिला बसवावी आणि तिच्यावर ‘मुंबई येथे पंचवीस वर्षे बोडीचे काम केलेल्या श्रीमती कुंदाबाई रामलाल हातझाडे यांच्या मार्गदर्शनाने’ असे कोरावे. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि ठरावाखाली सही देवचंदांची होती.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. देवचंदांची मुलगी रेणू दुपारी दूरदर्शन संच लावून तांदूळ निवडत बसली होती. पडद्यावर इंदुप्रभेची मुलाखत चालू होती. तिला कसलासा मोठा सन्मान मिळाला होता. पांढरे केस, मोत्यांचा सर, ताठ पाठ. निवेदकाने मानेवरच्या अदेविषयी विचारले, तशी ती गोड हसून म्हणाली, “वो तो मेरी नानी ने सिखाया था. पानी से पहले पानी को प्रणाम.” आणि शेवटी म्हणाली, “अब बस. आज से मैं कैमरे के सामने नहीं आऊँगी.”

शेजारी तांदूळ पाखडणाऱ्या कुंदाबाईंच्या हातातले सूप खाली पडले.

“सुटलो मी,” त्या म्हणाल्या.

झाडीच्या बोलीत बाईमाणूसही ‘मी सुटलो’ असेच म्हणते आणि ‘ती’लाही ‘ते’च म्हणते, त्यामुळे भाषेत वावगे काही नव्हते. पण दारात बसून हे पाहणाऱ्या देवचंदांना अर्थच लागेना. “कशातून सुटली बाई?” त्यांनी विचारले. थोरल्या बहिणीला ते बाईच म्हणत.

“शपथेतून. तिनं माह्या बाबाची शपथ घातली होती. मी काम करीन तवरोक कोनाले सांगजो नोको म्हणे. आता नाही करत म्हणते ना ते? तूच आयकला.”

“काय सांगजो नोको?”

“का पाण्यात ते नाही, मी हावो.”

कुंदाबाईंनी जमेल तसे सांगितले. इंदुप्रभेला पाण्याचे भय होते. तिची उंची, तिची पाठ, तिचे केस यांच्याशी तंतोतंत जुळणारी एक बाई रामलालच्या ओळखीने सेटवर आली. तेव्हापासून जिथे पाणी, घोडा, आग किंवा कडा, तिथे इंदुप्रभा छत्रीखाली बसे आणि तिचे कपडे घालून कुंदाबाई पाठमोऱ्या पुढे जात. चेहरा तिचा, पाठ हिची. सेटवर कुंदाबाईंना नावाने कोणी हाक मारली नाही. दिग्दर्शक ओरडे, “बॉडी को बुलाओ!” मग बॉडी येई.

“मले वाटलं आपलीच बोडी,” कुंदाबाई म्हणाल्या. “पयल्या दिसी तलावच होता ना. मनलं, बोडीवालीले बलावून राहिले. नंतर समजलं. पन मंग बाबाची खुशी पायली, आन लिहतच गेलो.”

“म्हणजे तू नट्टी होती आत्या?” रेणूचे डोळे विस्फारले होते.

“नाही वं. नट्टी ते होती.”

“पन मग पिच्चरमध्ये तू हाय का ते हाय?”

कुंदाबाईंनी पडलेले सूप उचलले. “काही ठिकाणी माहीत हाय. काही ठिकाणी आता मलेच समजून नाही राहिलं. एक विहिरीची उडी हाय, ते मले माही वाटते. पन त्या सालात मी तापानं पडलो होतो, असंबी वाटते.”

त्या दिवसापासून देवचंदांचा सारा क्रम बिघडला. त्यांनी वडिलांच्या पेटीतून कार्डे काढली, तारखांनुसार लावली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचली. ओळ तीच, शब्द तेच. अर्थ मात्र दुसऱ्याच घरचा. ‘बाई’ म्हणजे इंजिनियरची बायको नव्हे, नायिका. पण ‘बाई’ म्हणजे आपली बहीणही. मग एका कार्डात ‘बाईले लागलं, टाके पडले’ असे होते ते कोणाला? त्यांनी कुंदाबाईंच्या पायावरची जुनी खूण पाहिली आणि चष्मा पुसून घेतला. जिने वाढले याचा अर्थ त्यांना आता कळला. इंदुप्रभा वयाप्रमाणे आधी वहिनी झाली, मग आई. पडद्यावरच्या आयांना मुलाच्या दुःखाने जिन्यावरून कोसळावे लागे, आणि कोसळायला कुंदाबाई होत्या. पुढे आया मरूही लागल्या. तेव्हा पांढऱ्या चादरीखालीही याच निजत. मग कामच संपले, रामलालही वारला आणि त्या केशोरीला आल्या.

रेणूने कुठूनतरी इंदुप्रभेच्या एका जुन्या चित्रपटाची तबकडी आणली. देवचंद पडद्याजवळ स्टूल घेऊन बसले. तळ्याच्या काठी पाठमोरी स्त्री आली. तिने वाकून हात भिजवला, कपाळाला लावला आणि मग मानेवरून फिरवला.

देवचंदांच्या कानात वडिलांचा आवाज घुमला. लहानपणी तलावात उतरताना दुलीचंद दोन्ही भावंडांना दटावीत, “आधी कपाय, मंग मान. मान नाही देल्ली तं पाणी मागून धरते.” देवचंदांनी ती सवय चौथीतच सोडली होती, मुले हसत म्हणून. कुंदाबाईंनी ती कॅमेऱ्यासमोरही सोडली नव्हती, आणि त्यांची पाठच दिसत असल्याने कॅमेऱ्याला दिसली ती मानच. इंदुप्रभेच्या आजीचा यात काही संबंध नव्हता. ती आपल्या बाबाची रीत होती, आणि बहीण ती पाळते म्हणून आपण तिची लाज धरत होतो.

पण यामुळे शिलेवरची ओळ काही सुटेना. देवचंद सरपंचांकडे गेले आणि सर्व हकीकत क्रमाने सांगितली. श्यामलाल खुर्चीतून अर्धवट उठलेच.

“अरे बापा! मंग ‘सुप्रसिद्ध सिनेअभिनेत्री’ कोरा ना! पालकमंत्र्याले बलावू!”

“पण ती अभिनेत्री नव्हती.”

“मंग बोडीचा ठराव कायम ठेवा.”

“ती बोडीवालीही नव्हती.”

“भाऊ,” श्यामलाल खाली बसत म्हणाले, “तुमची बहीण होती तरी काय?”

देवचंद उठून वाटेला लागले. ‘अभिनेत्री’ लिहावे तर खोटे. बोडीची जाणकार लिहावे तर तेही खोटे, आणि त्या खोट्यावर आपली सही. काही न लिहावे, तर पंचवीस वर्षे ज्या बाईला कोणी नावाने हाक मारली नाही, तिचे नाव दगडावरूनही जायचे. वरून मोहाच्या झाडाखालची जागा तिने दाखवली की ती नुसती बसली, याचाही निर्णय होत नव्हता.

तेवढ्यात गोंदियाहून दगड कोरणाऱ्या मुन्नालालचा फोन आला. कोणीतरी त्याच्या कानावर सिनेमाची गोष्ट घातली होती.

“सचिव साहब, छेनी हाथ में लेके बैठा हूँ. ये ‘बोडी’ में मात्रा देना है कि चंद्र? मात्रा दूँ तो तालाब होता है, चंद्र दूँ तो बदन. पत्थर है, बाद में मिटेगा नहीं.”

एवढ्या दिवसांत हा विचार देवचंदांच्या मनाला शिवलाही नव्हता. वाक्य बदलण्याची गरजच नव्हती. ‘मुंबई येथे पंचवीस वर्षे बॉडीचे काम केलेल्या’ हे अक्षरशः खरे होते. मोठा प्रश्न सुटल्याच्या आनंदात ते घरी आले आणि म्हणाले, “बाई, चंद्र देतो. काम झालं. कोठं खोटं नाही.”

कुंदाबाई अंबाडी खुडत होत्या. त्या म्हणाल्या, “चंद्र नोको.”

“काऊन?”

“चंद्र देशील तं लोक विचारतील, कोनाची बॉडी? मंग तिचं नाव सांगा लागते. बुढी झाली आता ते. कायले तिची मान उतरवतं?” आणि अंबाडीची पुढची जुडी ओढून घेत, “मात्राच ठेव. बाबानं मात्राच वाचली होती.”

“पण मग ते खोटं होते ना बाई.”

“लिहलं मीच होतो ना देवा? मात्रा मीच देल्ली होती.”

देवचंदांनी मुन्नालालला मात्रा सांगितली. बोडी झाली, पावसाळ्यात शिला बसली आणि मोहाखालच्या त्या जागेत पाणीही ठरले. ते का ठरले, हे कोणालाच सांगता आले नाही. मात्र शिला बसली त्या संध्याकाळी देवचंदांनी संस्थेची नोंदवही उघडली, शिलेवरचे वाक्य जसेच्या तसे उतरवले, आणि त्या एका शब्दावर मात्रेऐवजी चंद्र काढला. खाली पट्टीने रेघ ओढली, दिनांक टाकला, सही केली. मग बोडीवर जाऊन त्यांनी चपला काढल्या. आधी कपाळ, मग मान. काठावर दोन बायका होत्या, त्या हसल्या. देवचंद पाण्यात उतरले.

सन २०१४ मध्ये सचिवपद धनेंद्र नावाच्या तरुण पदवीधराकडे गेले. कार्यभार देताना देवचंदांनी सर्व वह्या क्रमाने त्याच्या स्वाधीन केल्या. महिनाभराने काही कामासाठी ते कार्यालयात गेले असता सहज ती वही चाळली. त्या पानावरचा चंद्र लाल शाईने खोडलेला होता, वर ठसठशीत मात्रा होती आणि समासात धनेंद्रने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली.’

देवचंदांनी खिशातले पेन काढले. टोपण उघडले, मग पुन्हा लावले.

“काही राहिलं का काका?” धनेंद्रने विचारले.

“हो,” देवचंद म्हणाले, आणि काय राहिले ते त्याला कुठून सांगायला सुरुवात करावी याचा विचार करीत समोरच्या खुर्चीवर बसले.