आवळलेले दात

लवंगेच्या तेलाचा वास आला की उल्हासनगरचा तो दातांचा दवाखाना आठवतो. आई जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायची, तिच्या कंबरदुखीला पट्टा आणि तेल कायमचंच होतं. त्या दिवशी मात्र सकाळी तिचा जबडाच अडकला, चहासुद्धा पिता येईना, म्हणून मी मोरिवलीहून रिक्षा केली. डॉक्टरांनी जबडा चोळून सोडवला आणि विचारलं, "आंटी, रात को दांत दबाते हो क्या? कमर भी दुखती है?" आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कंबर धरली की दाबते. नाहीतर कण्हणं बाहेर पडतं, हिची झोपमोड होते." इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपून मला पत्ता नव्हता. चार दिवसांनी डॉक्टरांनी रात्री दातांवर बसवायला प्लास्टिकचा साचा करून दिला. तो घातल्यावर तिला दात घट्ट आवळता येईनात. त्या रात्री मी पहिल्यांदा तिचं कण्हणं ऐकलं, आणि काय करावं ते न सुचून झोपेचं सोंग घेऊन, दात आवळून पडून राहिले. हल्ली जांभई देताना माझाही जबडा कट्कन वाजतो.