पाच सेंटीमीटरांची रेघ

बारीकराव अंगाने चांगले भरलेले होते. नाव रेघेवरून पडलं होतं. जमीनमोजणीच्या कार्यालयात एकतीस वर्षं ते नकाशे काढत होते, तेही ०.३ मिलीमीटरच्या शिशाने. बाकीचे सगळे ०.५ वापरत. तीनच्या शिशाला हलका हात लागतो, आणि हलक्या हाताचा भत्ता कार्यालय देत नसे.

सहा महिन्यांपूर्वी त्यांचा अंगठा बधिर होऊ लागला. बायको म्हणाली, "अहो, शर्टाची बटणं मी लावून देते, पण डॉक्टरांकडे तुमच्याऐवजी मी कशी जाऊ?" शर्ट नवीन आहे, काजं घट्ट आहेत, असं बारीकरावांनी सांगितलं. शर्ट चार वर्षांचा होता.

त्याच सुमारास दोन भावांच्या वाटणीचा नकाशा टेबलावर आला. एका दुपारी शिसं लागोपाठ पाचदा मोडलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या टेबलावरची पाचची पेन्सिल उचलली आणि मधली हद्द ओढून टाकली. नकाशा पाचशेला एक या मापाचा. कागदावरचा अर्धा मिलीमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस सेंटीमीटर. कार्यालयात हद्द रेघेच्या मध्यावर धरतात. हे कार्यालयाबाहेर कुणाला सांगायची पद्धत नाही. थोरल्या भावाने ती पलीकडच्या, धाकट्याच्या बाजूच्या कडेवर धरली आणि भिंत बांधली. नेहमीची बारीक रेघ असती, तर त्याच कडेवर धरूनही भिंत पाच सेंटीमीटर अलीकडे आली असती. धाकट्याच्या दाराशी जाणारी बोळ तेवढी आवळली, आणि आईची चाकांची खुर्ची तिच्यात चार सेंटीमीटरांनी अडू लागली. म्हातारी तीन आठवडे घरातच होती. आईची वाट चोरणारा म्हणून गल्ली थोरल्याकडे बोट दाखवू लागली.

धाकट्याने अर्ज केला. साहेब म्हणाले, "बारीकराव, फेरनकाशा काढा. तुमच्या नेहमीच्या रेघेत. मिटलं."

मिटणार होतं खरंच. बारीक रेघ काढली की भिंत पडणार, म्हातारी बाहेर येणार, थोरला कायमचा लबाड ठरणार, आणि अंगठ्याची चौकशी कुणीच करणार नव्हतं. फक्त रेघ निघायला हवी होती. म्हणून बारीकराव पेन्सिल घ्यायला निघाले.

दुकानातल्या बाईंनी काउंटरवर आठ पेन्सिली मांडल्या. बारीकरावांनी प्रत्येकीचं टोक नखाने हलवून पाहिलं. जी डुगडुगली ती बाजूला. ज्यांची पुढची नळी आखूड होती, पट्टीला टेकत नव्हती, त्याही बाजूला.

"काका, पेन्सिल घेताय की जावई शोधताय?"

"जावई डुगडुगला तर चालतो."

शेवटी एक उरली. पकडीला खरखरीत धातू, वजन पुढच्या बाजूला, नळी सरळ. याहून चांगली पेन्सिल त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. बाईंनी चाचणीची वही पुढे सरकवली. लोक तिच्यात आपली नावं लिहीत. बारीकरावांनी पट्टी मागून घेतली आणि रेघ ओढायला घेतली. शिसं मोडलं. दुसरी रेघ अर्ध्यावर मोडली. तिसरी पूर्ण झाली, पण मध्ये पोट सुटल्यासारखी जाड.

"पाचची न्या की. हात जड असला की सगळे तीच नेतात."

"हात जड नाही."

पेन्सिल चांगली होती, ही मोठी अडचण झाली. आता दोष द्यायला तीही उरली नव्हती. बारीकरावांनी ती विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फेरनकाशाचा कोरा कागद साहेबांपुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. साहेबांनी त्या कोऱ्या कागदावर पेपरवेट ठेवला.

"हे लेखी दिलंत तर टेबल सोडावं लागेल. खाली दप्तरखान्यात बसावं लागेल. अजून तीन वर्षं आहेत तुमची."

"खाली बटणांचं काम नाही ना?" बारीकराव म्हणाले. साहेबांना ते कळलं नाही.

संध्याकाळी ते भिंतीपाशी गेले. थोरला दारातच उभा होता. "पाडा म्हणायला आलात? मी रेघेप्रमाणेच बांधली."

"रेघेप्रमाणेच बांधलीत. रेघ चुकली. माझी."

"तोंडी नको. लिहून द्या. गल्लीत दाखवायचंय मला."

बारीकरावांनी नवी पेन्सिल काढली, भिंतीवर कागद टेकवून चार ओळी लिहिल्या. दोनदा शिसं मोडलं. थोरल्याने कागद वाचला, त्या अक्षराकडे आणि मग त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"साहेब, खरंच तुम्हीच नकाशे काढता?"

"काढत होतो."

बोळीपलीकडे धाकट्याच्या घरातून म्हातारी विचारत होती, कोण आलंय. थोरल्याने खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतून खडू काढून पुढे केला. "कुठवर पाडायची ते दाखवा."

बारीकराव गुडघ्यावर बसले. टेप लावून दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा थोरल्याला मोजायला लावलं, आणि खडू ओढला. रेघ चांगली दोन बोटं जाड आली. ते उठले, हात पुसले, आणि या वेळी कोणती कड धरायची ते तोंडाने सांगितलं.