फोडलेलं माळवद

वडील गावात रविवारची शाळा घेत. ख्रिस्ती घरं मोजकीच होती. शेजारची हिंदू मुलंही गोळ्यांसाठी येऊन बसत. एक गोष्ट दरवर्षी ठरलेली असे. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी बाजेवर घालून येशूकडे आणलं. दारात गर्दी, म्हणून त्यांनी छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. आम्हाला ती समजावून सांगावी लागत नसे. सिंदफणा नदीच्या काठच्या आमच्या घरांवर मातीचं सपाट माळवद होतं आणि उजेडासाठी त्यात सवणं, म्हणजे हातभर भोक. वडील विचारत, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. पण विश्वास दिसतो कसा? मग ते वर बोट दाखवत आणि म्हणत, छताला पडलेल्या भोकातून.

पुढे आईलाच पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं.

पूर आला त्या सकाळी मी सुट्टीवर घरी होतो. धरणातून पाणी सोडल्याचं कळेपर्यंत गल्ली भरली होती. पाणी उंबरा ओलांडून आत आलं, तशी आम्ही आईची बाज लोखंडी पेट्यांवर चढवली. जोतं उंच असल्याने बाहेर गल्लीत पाणी छातीपर्यंत आणि ओढ जोराची. तिला उचलून नेणं शक्य नव्हतं. माळवदावर जायचा जिनाही गल्लीतूनच होता. फोनवर कळलं की होडी निघाली आहे, पण आधी खालच्या वस्तीवर जाणार आहे. वडील गुडघाभर पाण्यात बाजेशी उभे राहून प्रार्थना करू लागले.

सवण्यातून हाक आली. ऊसतोडीला जाणारा शेजारी आणि त्याचे तीन चुलतभाऊ वर आले होते. गल्लीतली माळवदं एकमेकांना लागून असल्याने त्यांवरून गल्लीच्या वरच्या, चढाच्या टोकापर्यंत कोरड्या पायांनी जाता येत होतं. हा शेजारी लहानपणी गोळ्यांसाठी येणाऱ्यांपैकी.

"गुरुजी, माळवद फोडावं लागंल."

वडील म्हणाले, होडी येते आहे, थोडं थांब.

"होडी यील तवा यील. पाणी थांबतंय व्हय? तुमीच सांगितलेली गोष्ट हाय की. आमाला फकस्त उलटी करायचीय."

वडिलांनी आमेन म्हटलं, कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिला घाव आतून स्वतः घातला. मग वरून खोरी चालू लागली. आईवर मी गोधडी धरली. भिजलेली माती आमच्या खांद्यांवर पडत होती. दोन तुळयांच्या मधली जागा मोकळी झाल्यावर बैलांचे कासरे खाली आले. आईला जुन्या लुगड्याने बाजेशी बांधलं. बाज तिरकी करावी लागली.

"लग्न होऊन दारातून आले, आता छतातून काढताय," आई म्हणाली.

"काकू, बोलू नका. वजन वाढतंय," वरून उत्तर आलं.

ती वर पोचली. तिच्यामागून आम्हीही. दुपारपर्यंत पेट्यांवर ठेवलेली बाज बुडाली असती एवढं पाणी चढलं. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे.

पूर ओसरल्यावर चर्चच्या मंडळीतल्या एकाने वडिलांना विचारलं की ते चौघे काही आपल्यातले नव्हेत, मग तिथे विश्वास कुणाचा धरायचा? वडिलांनी वाद घातला नाही. तारण देवाच्या कृपेने होतं, ते कुणी कमावत नाही, हे ते आधीही मानत आणि आजही मानतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "मी मदत मागितली. ती छतावर येऊन उभी राहिली, आणि मी तिला थांब म्हणत होतो. पहार हातात घेतली तेव्हा कुठे माझी प्रार्थना पुरी झाली."

तोडीला जाण्याआधी चौघांनी न सांगता पांढरी माती आणून माळवद नीट केलं. सवणं मात्र पूर्वीपेक्षा मोठं ठेवलं. काकूंच्या बाजेवर उजेड पडावा म्हणून, असं त्यांचं म्हणणं. वडील आता गोष्टीच्या शेवटी मुलांना विचारतात, त्या घराचं छप्पर पुढे कोणी दुरुस्त केलं असेल? पवित्र शास्त्रात ते दिलेलं नाही. मुलं आमच्या छताकडे बघतात.

आई रोजच्या प्रार्थनेत चौघांची नावं घेते. तोडीच्या महिन्यांत जरा मोठ्याने घेते, कारण तेव्हा ते लांब असतात.