मानेचं माप

माझे वडील बैलांसाठी घुंगूरमाळा करायचे. सुती दोर पिळायचा, त्यावर लाल-हिरव्या लोकरीचे गोंडे बांधायचे आणि मधेमधे पितळी घुंगरं ओवायची. ओवण्याआधी प्रत्येक घुंगरू ते कानाशी हलवून बघत. आवाज बसका वाटला तर बाजूला टाकत. मुरबाडहून म्हशाला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. दर हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत ते माळा मांडून बसायचे. गिऱ्हाईक बैल घेऊनच यायचं. बाबा उठून बैलाच्या मानेला वीत लावायचे, तो जोडीत डावा की उजवा, खोडकर की गरीब, हे विचारायचे आणि मग माळ द्यायचे.

माझं लग्न वाशिंदला झालं. तिथल्या एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. एका वर्षी जत्रेनंतर माहेरी गेले, तर नेलेली गोणी जवळजवळ तशीच परत आलेली दिसली. शेतात ट्रॅक्टर आले होते, जत्रेत बैल कमी झाले होते. बाबा गोणीचं तोंड बांधत होते. आईच म्हणाली, "लोक बघतान, हात लावतान नि जातान."

कारखान्यातल्या एकदोघी घरचे मसाले, पापड ऑनलाइन विकायच्या. मी त्यांच्याकडून सगळं समजून घेतलं आणि पुढच्या रविवारी बाबांसमोर बसले.

"दोन वाटा आहेत बाबा. एक म्हणजे ऑनलाइनचा मोठा बाजार. तिथे लोक येतच असतात, आपण फक्त माल लावायचा. दुसरी म्हणजे आपली स्वतःची वेबसाइट, आपलं दुकान. पण तिथे गिऱ्हाईक आपणच आणायचं."

"त्यांना माज्याशी बोलता येल का?"

"आपल्या दुकानात येईल. फोन नंबर टाकता येतो. बाजारात नाही."

"मंग आपलं दुकानच बरं. मानेचं माप नको का इचाराया?"

मी त्यांना समजावलं. आपल्या दुकानाचा पत्ता कुणाला माहीत? कोण येणार तिथे? वर्षभर वाट बघत बसाल. मी बरंच बोलले. शेवटी ते म्हणाले, "तुला जास्त कळतंय. कर तसा."

मी बाजार निवडला.

पहिली ऑर्डर पंधरा दिवसांत आली. पुण्याच्या एका बाईंची होती. मी फोन करून सांगितलं, तर बाबांनी लगेच विचारलं, "बैल केवढा हाय?" मी म्हटलं, ते कळत नाही, मधलं माप धरा. ते म्हणाले, "बरं." माळ त्या घरी पोचली आणि बाईंनी फोटो टाकला. माळ दाराला टांगलेली होती. खाली लिहिलं होतं, पाहुणे आले की छान वाजते.

रविवारी मी तो फोटो दाखवला. बाबांनी फोन हातात घेऊन नीट पाहिला.

"दाराला?" त्यांनी विचारलं.

"शहरात शोभेला लावतात."

"बैल नाय त्यांच्याकडं?"

"नाही बाबा."

त्यांनी फोन परत दिला आणि दोर पिळायला घेतला.

नंतर ऑर्डरी येत गेल्या. एक माळ परतही आली. दाराला लांब पडते, असं कारण दिलं होतं. तेव्हा मीच बाबांना सांगितलं, लहान करा, गोंडे जास्त लावा, घुंगरं कमी चालतील. त्यांनी तसं केलं. दर शनिवारी माझा नवरा गाडीवरून जाऊन माळा आणायचा आणि मी त्या खोक्यात भरून पाठवायचे. दोन वर्षं असं चाललं. एकदा मी गेले तेव्हा पडवीत बसून त्यांचं काम बघत होते. त्यांनी पिशवीतून घुंगरू काढलं आणि सरळ दोरात ओवलं. मग दुसरं, तिसरं. कानाशी एकही नेलं नाही. मला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

त्या पावसाळ्याआधी बाजारातल्या प्रश्नांच्या रकान्यात कुणीतरी विचारलं, ही माळ खऱ्या बैलाला चालेल का, आमचा खोंड आता अंगाने भरलाय. मी बाबांना वाचून दाखवलं. ते ताठ बसले.

"त्याला माजा नंबर दे."

"तिथे नंबर द्यायला परवानगी नाही."

"दे गो. दोन शब्द बोलीन त्याच्याशी."

मी दिला. आकडे अक्षरांत लिहिले, म्हणजे पकडला जाणार नाही असं वाटलं. उत्तर दिसेनासं झालं आणि दोन दिवसांनी आमचं खातं बंद झालं. नियम मोडल्याचा एक मेल आला. मी अर्ज केले, माफी मागितली. दर वेळी तोच मजकूर परत यायचा. तो खोंडवाला कोण, कुठला, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

बाबा रागावले नाहीत. "माज्यामुळं झाला," एवढंच म्हणाले. माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं.

मग मी वेबसाइट केली. मुरबाडच्या एका मुलीने शिकवलं. बाबांचा दोर पिळतानाचा फोटो लावला, खाली त्यांचा नंबर आणि एक ओळ लिहिली: बैलाच्या मानेचं माप फोनवर सांगा. आई सांगायची, सकाळी उठल्यावर ते आधी फोन चार्ज झाला का बघतात, शेतावर गेले तरी फोन पिशवीत घालून नेतात. फोन यायचे ते कर्ज हवंय का विचारणारे, नाहीतर चुकून लागलेले. बाबा सगळ्यांशी नीट बोलायचे. कुणाचाही फोन असला तरी आधी विचारायचे, "माळ पायजे का?"

श्रावण लागला तेव्हा खरा फोन आला. घाटावरचा शेतकरी होता. पोळ्यासाठी जोडीला दोन माळा हव्या होत्या. किती वेळ बोलले ते आईने मोजलं नाही, पण म्हणाली, भात शिजून उतरवला तरी ह्यांचं चाललेलंच. बैलांचे रंग, शिंगं, कोण आधी जू घेतो, कोण मागे राहतो, सगळं विचारून झालं. दुपारी त्यांनी मला कारखान्यात फोन केला.

"बाय, डावा जरा भित्रा हाय. त्याला बारीक आवाजाची घुंगरं घालतो."

इतक्या दिवसांत ते स्वतःहून एवढं बोलले नव्हते. पिशवीतली सगळी घुंगरं त्यांनी गोधडीवर ओतली आणि एकेक ऐकून वेगळी केली.

डाव्याची माळ झाली. उजव्याची सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात पडले. अर्धांगवायूचा झटका होता. उल्हासनगरच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

घरी आणल्यावर मी त्या शेतकऱ्याला फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

तो म्हणाला, "ताई, झाली तेवढी पाठवा. डाव्यालाच घालू. उजव्याला घरची जुनी हाय."

मी माळ पाठवली. पोळ्याच्या संध्याकाळी त्याने व्हिडिओ धाडला. रंगवलेल्या शिंगांचा पांढरा बैल वेशीतून चालत येत होता आणि माळ त्याच्या मानेवर बरोबर बसली होती. मी फोन बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी पाहिलं आणि डाव्या हाताने खूण केली, परत लाव. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं. गालावरून पाणी आलं, ते आईने पदराने पुसलं.

दिवाळीनंतर ते गेले.

पहिल्याच दिवशी त्यांचं ऐकलं असतं, तर ती दोन वर्षं त्यांना मिळाली असती, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तेव्हाही कुणी फोन केला नसता. त्याचं बरोबर असेल. तरी बाबा वाट तरी बघत बसले असते, दारं सजवत बसले नसते.

वेबसाइटवर मी एक ओळ लिहिली, माळा करणारे आता नाहीत. आधी 'सध्या माल उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. वेबसाइटची वर्षाची मुदत वाढवण्याचे मेल येत राहिले. मी वाढवली नाही, बंदही केली नाही. मधे एकदा उघडून बघितली, तेव्हा पान उघडलंच नाही. ते कधी गेलं, मला सांगता येणार नाही.