तोंडात धरायचा धागा

तेकलाबाईंनी पहिल्या भेटीत माझा जीव घेतला नाही, एवढंच. पोलंडमधल्या वूच या कापडगिरण्यांच्या शहरातल्या त्या इमारतीत मी नवाच राहायला आलो होतो आणि त्यांच्याकडे फक्त शिडी मागायला गेलो होतो. बाईंनी कॉलर धरून मला आत ओढलं, तोंडात हातभर धागा कोंबला आणि छातीवर सुई रोखली. मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं, ते दोनदा बदललं, तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं. बटण लोंबत होतं. अंगावर शिवताना तोंडात धागा नसला तर अक्कल शिवली जाते. तुमच्याकडे ती आधीच बेताची दिसते."

शिडी मिळाली नाही.

बाई पन्नास वर्षं शिवत होत्या, पण खरा जीव धाग्यावर. रीळ उन्हात धरायचं, टोक जिभेवर ओलं करायचं, मग कानाशी ताणून तोडायचं. 'टक्' वाजलं तर धागा चांगला. 'फुस्' झालं की समोरच्या दोरे-बटणांच्या दुकानदाराचा, म्हणजे विधुर झेनोनचा, उद्धार. रोज एक करडं रीळ न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला हजर.

"झेनोन, हा करडा नाही, हा उंदीर आहे."

"काल ढग म्हणालात."

"काल ढगच होता. दुसरं द्या."

गिरण्या बंद पडल्या, गिऱ्हाईक आटलं, झेनोननं दुकान आवरलं. दूर समुद्रकाठी, ग्दिनियाला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "ती एकदा 'राहा' म्हणाली तर तिकीट फाडतो. पण तिला मी हवाय की करडा रंग, हेच मला वीस वर्षांत कळलेलं नाही."

"मग विचारा की."

"तुम्ही विचारा."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "त्याचा धागा फुस् करतो." हा होकार की नकार, मला आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या सकाळी, गाडीला तासभर असताना, झेनोन कोटाचं तुटलेलं बटण घेऊन आला. ते त्यानंच तोडलं असावं. अस्तरही उसवलं होतं. 'कोट काढा' असं काही बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी खण उघडला. आत शेकडो करडी रिळं, टोकं तेवढी तुटलेली, वापरलेलं एकही नाही. त्यांनी अगदी तळातलं काढलं.

झेनोननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी त्यात धागा घातला आणि अस्तरासाठी टाचण्या स्वतःच्या ओठांत धरल्या.

पंधरा मिनिटं दोघं समोरासमोर. तो दोनदा "म्म्" म्हणाला. त्याही एकदा "म्म्" म्हणाल्या. प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं, काही कळेना. "अहो, तोंडातलं काढा तरी," मी म्हणालो. दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

शेवटी बाईंनी धागा तोडला. टक्.

झेनोननं तोंडातला धागा काढला, घडी करून खिशात ठेवला, "आभारी आहे" म्हणाला. बाईंच्या ओठांतल्या टाचण्या काढून होईपर्यंत तो जिना उतरला होता.

बटण अजून टिकून आहे, असं त्याच्या मुलीनं कळवलं.