एका पाळीत दोन कामं

आज सकाळी भाकरी करपल्याचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातली आमच्या सक्करदऱ्याच्या घरातली एक दुपार आठवली. एका मित्राच्या भावानं परदेशातून फाशांच्या एका खेळाचं पुस्तक पाठवलं होतं. त्यात प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची; खेळ तो मित्रच चालवायचा. मी मांत्रिक होतो आणि दुसरा मित्र योद्धा. योद्धा गुहेत जखमी पडलेला, समोरून राक्षस येत होता. मी म्हटलं, त्याला मागं ओढतो आणि मंत्रही म्हणतो. खेळ चालवणारा म्हणाला, "एका पाळीत एकच काम." मी म्हटलं, "काहून? चाल, माह्या आईले पाहू." आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. आई स्तोत्र म्हणत ज्वारीची भाकरी थापत होती. मधेच तिनं तव्यावरची उलटली, पायानं मांजर बाजूला सारलं, पण शब्द कुठं अडखळला नाही.  खेळ चालवणारा म्हणाला, "काकूले जमते. तुहा मांत्रिक आता कुठं शिकून राहिला." योद्ध्याला ओढायचं सोडून मी मंत्र निवडला, फासा वाईट पडला, योद्धा मेला. योद्धा झालेला मित्र सायकल घेऊन निघून गेला. आज तर मी तोंड मिटूनच भाकरी भाजत होतो, तरी करपली.